बांधापलीकडून येणारी हरळी व लव्हाळा : बंदोबस्ताचे उपाय

मळ्याची मशागत कितीही चोख ठेवली, तरी बांधापलीकडचे रान हरळीने भरलेले असेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत ती हरळी बांध ओलांडून आत येतेच. प्रथम बांधालगतच्या एक-दोन सऱ्यांत तिचे शेंडे दिसू लागतात. शेतकरी ते खुरप्याने कापून टाकतो व निश्चिंत होतो. पुढील वर्षी तीच हरळी चार सऱ्यांत पसरलेली आढळते, आणि त्यापुढील वर्षी खुरपणीचा खर्च पिकाला परवडेनासा होतो. मग शेजाऱ्याशी बोलाचाली सुरू होते. एक म्हणतो, तुमच्या रानातून आली. दुसरा म्हणतो, हरळी बांधाची, माझी नव्हे. अशा तंट्यात वर्षे जातात आणि हरळी मात्र दोघांच्याही जमिनीत वाढत राहते.

1977 साली प्रसिद्ध झालेल्या जगातील वाईट तणांविषयीच्या ग्रंथात होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी लव्हाळ्यास पहिला व हरळीस दुसरा क्रमांक दिला होता. ही दोन्ही तणे आपल्या बागायती जमिनींत एकत्र नांदतात. त्यांचा बंदोबस्त कठीण आहे, परंतु अशक्य नाही. मात्र त्यासाठी ही तणे कोणत्या वाटेने येतात व जमिनीत कशावर जगतात, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. वाट न ओळखता केलेली मेहनत बहुधा वाया जाते.

तणाची वाट ओळखणे

शेजारच्या रानातून तण येण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली वाट जमिनीवरून व जमिनीखालून सरपटत येण्याची. हरळी व कुंदा या वाटेने येतात. दुसरी वाट पाण्याची, मातीची व अवजारांची. लव्हाळ्याच्या गाठी बहुधा या वाटेने येतात. तिसरी वाट बियांची. गाजर गवतासारखी तणे वाऱ्याबरोबर, पावसाच्या लोंढ्याबरोबर व बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर येतात.

प्रत्येक वाटेचा उपाय निराळा आहे. हद्दीवर चर काढला, तर हरळी अडते. परंतु वाऱ्याने येणारे बी अडत नाही. म्हणून शेजाऱ्याला दोष देण्यापूर्वी शेतकऱ्याने आपल्या रानात तण कोठे व कसे उगवले आहे, ते पाहावे. बांधाजवळ दाट व आत विरळ असे दिसल्यास ते बांधावरून सरपटत आले, असे समजावे. पाटाच्या कडेने किंवा जेथे शेणखत, तळ्याचा गाळ अथवा बाहेरची माती टाकली तेथेच तण दिसत असेल, तर ते शेजाऱ्याचे नसून आपणच विकत किंवा वाहून आणलेले आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या कलमांच्या पिशवीतील मातीतून लव्हाळ्याच्या गाठी नव्या बागेत शिरतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. अशी रोपे लावण्यापूर्वी पिशवीतील माती पाहून गाठी वेचून काढाव्यात.

हरळीचा स्वभाव

गणपतीच्या पूजेस लागणारी दूर्वा ती हीच हरळी. जनावरे ती आवडीने खातात आणि बांधाची माती ती घट्ट धरून ठेवते. म्हणून बांधावर ती उपकारक आहे, परंतु पिकात ती शत्रू आहे. ही दोन्ही बाजूंची जाणीव ठेवूनच तिचा बंदोबस्त केला पाहिजे.

हरळी दोन प्रकारच्या खोडांनी पसरते. काही खोडे जमिनीवर सरपटत जातात व प्रत्येक पेराशी मुळे धरतात. दुसरी खोडे जमिनीखाली वाढतात. त्यांनाच शेतकरी काशा म्हणतात. या काशांत अन्न साठविलेले असते. वरचा पाला कापला, जनावरांनी खाल्ला किंवा उन्हाने करपला, तरी काशांतील अन्नाच्या जोरावर नवे कोंब फुटतात. बहुतेक काशा वरच्या 15 ते 30 सेंटिमीटर थरात असतात. खोल काळ्या जमिनीत मात्र त्या याहून खाली जातात. डोळा असलेल्या काशीच्या लहानशा तुकड्यापासूनही नवे झाड होऊ शकते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. ओल असलेल्या जमिनीत हरळीवर रोटाव्हेटर फिरविला, तर हरळी मरत नाही. तिचे बारीक तुकडे होऊन ते सर्व रानभर पेरले जातात. अलीकडे ट्रॅक्टरची अवजारे सर्वत्र झाल्यामुळे ही चूक वरचेवर होते. बांधाजवळच्या दोन सऱ्यांपुरती असलेली हरळी एका फेरीत संपूर्ण मळ्यात पसरू शकते. शेजाऱ्याच्या रानात चाललेले अवजार साफ न करता आपल्या रानात आणल्यासही हाच परिणाम होतो.

हद्दीवरील चर

सरपटत येणाऱ्या तणाची वाट तोडण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बांधालगत चर काढणे. हरळीसाठी चर सुमारे 30 सेंटिमीटर रुंद व 45 सेंटिमीटर खोल असावा. खोल काळी जमीन असल्यास किंवा शेजारच्या रानात कुंदा असल्यास खोली 60 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक ठेवावी. जमिनीखालून येणाऱ्या काशा चराच्या भिंतीतून मोकळ्या हवेत बाहेर पडतात व तेथे सहज दिसतात. जमिनीवरून येणारी खोडे चरात लोंबू लागतात. ती वेळीच कापली, की तणाचा प्रवेश थांबतो.

100 मीटर लांबीचा असा चर काढण्यास साडेतेरा घनमीटर माती खणावी लागते. मध्यम जमिनीत एक मजूर दिवसाला सुमारे दोन ते अडीच घनमीटर माती खणतो असे धरल्यास, हे काम एका मजुराच्या साधारण सहा-सात दिवसांचे आहे. हरळीने भरलेल्या कांद्याच्या किंवा भाजीच्या रानात दर हंगामास लागणाऱ्या खुरपणीच्या मजुरीशी याची तुलना करून पाहावी. चर एकदा काढला, की पुढे केवळ त्याची निगा राखावी लागते.

चर काढताना तीन गोष्टींची काळजी घ्यावी.

पहिली गोष्ट अशी, की चर सर्वस्वी आपल्या हद्दीत काढावा आणि बांधाच्या पायथ्यापासून निदान 30 ते 45 सेंटिमीटर जागा सोडावी. पायथा कोरला गेल्यास पावसाळ्यात बांध ढासळतो. शिवाय बांध कोरल्याच्या संशयावरून खेड्यांत जेवढी भांडणे होतात, तेवढी क्वचितच दुसऱ्या कारणाने होत असतील. हद्दीविषयी शंका असल्यास आधी भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून रीतसर मोजणी करून घ्यावी. हद्दीच्या निशाण्या सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे जमीनधारकावर आहे. म्हणून खणताना हद्दीचा दगड हलविला जाऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची. उतारावरील जमिनीत सलग चर काढला, तर तो पावसात ओघळ बनतो व माती वाहून नेतो. अशा ठिकाणी चरात दर काही मीटरांवर न खणलेल्या मातीचा आडवा पट्टा सोडावा व त्या पट्ट्यावरील हरळी हाताने खुरपून काढीत जावी. सपाट जमिनीत चराचे तोंड नैसर्गिक निचऱ्याकडे काढावे, म्हणजे पिकाच्या मुळांशी पाणी साचणार नाही.

तिसरी गोष्ट खणलेल्या मातीची. ही माती काशांनी भरलेली असते. ती मळ्यात पसरल्यास शत्रूला स्वतः आत आणल्यासारखे होते. म्हणून माती बांधाच्या बाजूस टाकून चोपावी. त्यायोगे बांधही बळकट होतो. ती पुन्हा चरात ढासळणार नाही, एवढे अंतर मात्र ठेवावे.

पावसाळ्यात दर पंधरवड्यास चरावरून एक फेरी मारावी, लोंबणारी खोडे विळ्याने कापावीत व चरात पडलेली माती फावड्याने काढावी. हे काम तासाभराचे असते; परंतु तेवढेच टाळले, तर एका पावसाळ्यात चर गवताने भरून जातो व केलेली सर्व मेहनत फुकट जाते.

बांध उघडा करू नये

हरळीचा राग येऊन काही शेतकरी संपूर्ण बांध खणून किंवा तणनाशक मारून उघडा करतात. हे हितावह नाही. गवताची मुळे गेल्यावर पहिल्याच जोराच्या पावसात बांध फुटतो व शेतातील सुपीक थर वाहून जातो. तणापेक्षा ही हानी कितीतरी मोठी आहे, कारण गेलेली माती परत येत नाही.

बांधावर हरळी नकोच असेल, तर तिच्या जागी दुसरी उपयोगी वनस्पती आधी उभी करावी. वाळा म्हणजेच खस ही त्या दृष्टीने चांगली आहे. तिची मुळे सरळ खोल जातात, माती घट्ट धरतात आणि ती सरपटत पसरत नाही. कर्नाटकात म्हैसूरकडील गुंडलुपेट भागात शेताच्या हद्दीवर वाळा लावण्याची जुनी वहिवाट आहे. पावसाळ्याच्या आरंभी वाळ्याचे ठोंब 10 ते 15 सेंटिमीटर अंतरावर एका ओळीत लावल्यास दोन-तीन वर्षांत दाट कुंपण तयार होते. हरळीला भरपूर ऊन लागते. सावलीत ती दुबळी होते. म्हणून बांधालगत आपल्या बाजूने तुरीच्या दोन ओळी घेतल्यानेही तिच्या वाढीस आळा बसतो.

आत आलेल्या हरळीचा उन्हाळी बंदोबस्त

चराने बाहेरची वाट तुटते. परंतु आत आलेली हरळी तशीच राहते. तिच्यासाठी उन्हाळ्याची मशागत हाच उत्तम उपाय होय. रब्बीचे पीक निघताच, जमीन पार कठीण होण्यापूर्वी लोखंडी नांगराने खोल नांगरट करावी. निघालेली ढेकळे फोडू नयेत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती तापू द्यावीत, म्हणजे ढेकळांतील काशा वाळतात. त्यानंतर आडवा नांगर किंवा कुळव घालून उरलेल्या काशा वर आणाव्यात व दाताळ्याने ओढून वेचाव्यात.

वेचलेल्या काशा बांधावर, ओढ्यात किंवा पाटात टाकू नयेत. पाण्याबरोबर त्या खालच्या शेतकऱ्याच्या रानात जातात, आणि मग आपणच त्याचे वाईट शेजारी ठरतो. त्या खडकाळ जागी पातळ पसरून कडकडीत वाळू द्याव्यात. हिरव्या काशा खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

पावसाळ्याच्या तोंडी अशा रानात ताग किंवा धैंचा दाट पेरावा. तागाचे हेक्टरी 50 ते 60 किलो बी पुरते. दाट पिकाच्या सावलीत उरलेली हरळी गुदमरते, आणि फुलोऱ्याच्या सुमारास ताग जमिनीत गाडल्याने हिरवळीचे खतही मिळते. एका उन्हाळ्याच्या मेहनतीने हरळी निर्मूळ होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. लागोपाठ दोन उन्हाळे हा क्रम पाळावा.

कुंदा हे तण मुख्यतः खोल काळ्या जमिनीत आढळते. त्याच्या काशा हरळीपेक्षा टणक असतात व खोल जातात, त्यामुळे बैलांच्या हलक्या नांगराने तो निघत नाही. थोड्या जागेतील कुंदा कुदळीने खणून काढावा. क्षेत्र मोठे असल्यास ट्रॅक्टरच्या नांगराने 25 ते 30 सेंटिमीटर खोल नांगरट करून काशा उन्हात तापवाव्यात.

लव्हाळ्याची उपासमार

लव्हाळा दिसण्यात गवतासारखा असला, तरी तो गवत नव्हे. त्याची दांडी तीनधारी असते. बोटांत धरून फिरविल्यास धारा सहज जाणवतात. जमिनीखाली त्याच्या गाठी माळेसारख्या एकमेकींस जोडलेल्या असतात. वरची गाठ फुटलेली असते, तोवर खालच्या बऱ्याच गाठी निद्रिस्त राहतात. वरचे झाड उपटल्यावर माळ तुटते व खालच्या गाठी जाग्या होतात. एकदा उपटल्यावर लव्हाळा अधिकच दाट झाला, असा अनुभव शेतकऱ्यास येतो, त्याचे कारण हेच. अनुकूल परिस्थितीत एका गाठीपासून तीन महिन्यांत शंभराच्या आसपास नव्या गाठी होऊ शकतात.

उगवल्यानंतर साधारण तीन ते चार आठवड्यांत लव्हाळा नव्या गाठी धरू लागतो. तोपर्यंत तो जुन्या गाठीतील अन्नावर जगत असतो. म्हणून खुरपणी दर दोन ते तीन आठवड्यांनी, नव्या गाठी धरण्यापूर्वी झाली पाहिजे. प्रत्येक खेपेस गाठीतील साठा कमी होतो आणि शेवटी ती रिकामी होऊन मरते. दोन महिन्यांनी एकदा केलेल्या जोरकस खुरपणीपेक्षा वेळेवर केलेल्या तीन हलक्या खुरपण्या अधिक गुणकारी ठरतात.

लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटिमीटर थरात असतात. उन्हाळी नांगरटीने त्या वर येऊन एक-दोन आठवडे कडक उन्हात कोरड्या पडल्या, तर पुष्कळशा मरतात. मात्र त्या काळात रानाला पाणी मिळता कामा नये. कांदा व लसूण ही पिके सावली धरीत नाहीत. म्हणून लव्हाळ्याने भरलेल्या रानात ती घेऊ नयेत. तेथे ताग, चवळी किंवा रताळी यांसारखी जमीन झाकणारी पिके आधी घ्यावीत. प्लास्टिकच्या आच्छादनावर विसंबून राहू नये, कारण लव्हाळ्याचा टोकदार कोंब पातळ प्लास्टिक भेदून वर येतो.

तणनाशके वापरताना

उसातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के हे औषध हेक्टरी 90 ग्रॅम या प्रमाणात, लव्हाळा तीन ते सहा पानांवर असताना फवारले जाते. प्रत्येक औषध ठराविक पिकासाठी व ठराविक तणासाठीच असते. म्हणून डब्यावरील मजकूर वाचूनच ते वापरावे. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र शासनाने 2022 साली निर्बंध घातले होते. तेव्हा असे औषध घेण्यापूर्वी तालुका कृषि अधिकारी कार्यालयात त्या वेळचा नियम विचारून घ्यावा.

हद्दीजवळ फवारताना विशेष सावधगिरी हवी. टू-फोर-डी सारख्या औषधाचे तुषार वाऱ्याने उडून शेजारच्या द्राक्षावर किंवा कपाशीवर पडल्यास त्या पिकांची पाने वेडीवाकडी होऊन मोठे नुकसान होते. शेजाऱ्याचे तण आपल्याकडे येते म्हणून तक्रार करावी आणि आपले औषध त्याच्या पिकावर जाऊ द्यावे, हे न्यायाचे नव्हे. वारा शांत असतानाच फवारावे, नोझल जमिनीलगत धरावे व तणनाशकासाठी पंप वेगळा ठेवावा.

बियांनी येणारे गाजर गवत

1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजर गवत पुढे देशभर पसरले. एका झाडास हजारो सूक्ष्म बिया येतात. त्यांना चर अडवू शकत नाही. म्हणून ते फुलण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना, मुळासकट उपटणे हाच खरा उपाय होय. उपटताना हातमोजे घालावेत, कारण त्याच्या स्पर्शाने व परागाने काहींना खाज व दम्याचा त्रास होतो. बांध, रस्ता व पडीक जागा सोडून केवळ शेत साफ केले, तर पुढील वर्षी बी पुन्हा येते. यासाठी गावाने एकत्र येऊनच मोहीम काढावी.

परसबागेसाठी

घरामागील परसबागेत चर काढण्यास जागा नसते. तेथे शेजारच्या अंगणातून येणारी हरळी अडविण्यासाठी हद्दीच्या आत शहाबादी फरशीचे तुकडे किंवा जुना पत्रा 45 सेंटिमीटर खोल उभा गाडावा व त्याची कड जमिनीवर 5 सेंटिमीटर ठेवावी. दोन तुकड्यांत फट राहू देऊ नये. हरळी फट शोधून काढते. वरच्या कडेवरून येणारे शेंडे आठवड्यातून एकदा कापावेत.

शेजाऱ्याचे सहकार्य

वरील सर्व उपाय एकट्याने करता येतात. परंतु बांधाच्या दोन्ही बाजूंनी ते एकाच उन्हाळ्यात झाले, तर खर्च व श्रम दोन्ही वाचतात. शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन न जाता कामाची योजना घेऊन जावे. “अण्णा, तुमच्या हरळीने माझे रान खाल्ले,” असे म्हटल्याने अण्णांना राग येईल. “अण्णा, औंदा नांगरट झाल्यावर बांधाच्या दोन्ही अंगांनी काशा वेचून घेऊ, चर मी माझ्या हद्दीत काढतो, तुम्ही तेवढी तुमची बाजू साफ ठेवा,” असे म्हटल्यास त्यांना नाही म्हणण्याचे कारण उरत नाही. पुष्कळदा शेजारी तण मुद्दाम वाढवीत नसतो. त्याची जमीन पडीक असते, तो नोकरीनिमित्त परगावी असतो किंवा त्याच्याकडे मजुरीस पैसा नसतो. अशा वेळी बांधालगतचा दोन-तीन मीटर रुंदीचा पट्टा त्याच्या संमतीने आपणच नांगरून देणे, हे वर्षानुवर्षे खुरपत राहण्यापेक्षा स्वस्त पडते.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा दोन शेजाऱ्यांची एक जोडी निवडून, त्यांच्या सामाईक बांधावर चराचे व उन्हाळी मशागतीचे प्रात्यक्षिक करावे. चर काढण्यापूर्वी हद्दीचे दगड दोघांच्या समक्ष पाहून घ्यावेत, म्हणजे पुढे वाद राहणार नाही. पावसाळ्यात त्याच बांधावर इतर शेतकऱ्यांना नेऊन चराच्या भिंतीतून बाहेर आलेल्या काशा प्रत्यक्ष दाखवाव्यात. जमिनीखालून तण कसे येते, हे तेथे डोळ्यांनी पाहिलेल्या शेतकऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.

वर्षाचा कार्यक्रम थोडक्यात

फेब्रुवारी ते मार्च : हद्दीची खात्री करून चर काढावा, रब्बीच्या काढणीनंतर लगेच खोल नांगरट करावी.

एप्रिल ते मे : ढेकळे तापू द्यावीत, काशा व गाठी वेचून पूर्ण वाळवाव्यात.

जून ते जुलै : ताग किंवा धैंचा पेरावा; बांधावर वाळ्याचे ठोंब लावावेत; गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे.

ऑगस्ट ते सप्टेंबर : दर पंधरवड्यास चर साफ करावा, लव्हाळ्याची दर दोन ते तीन आठवड्यांनी खुरपणी करावी.

ऑक्टोबर ते जानेवारी : नवे शेणखत, गाळ, रोपे व भाड्याची अवजारे तपासूनच रानात आणावीत; चराच्या ढासळलेल्या भिंती दुरुस्त कराव्यात.